चाळीस जीबीचे टेंभेकर

टेंभेकर भाऊजींच्या घरी शनिवारची सकाळ एका प्रश्नाने सुरू व्हायची.

"हं, बोला. आज कोण जाणार?"

चहाचा कप हातात, पाठ कॉम्प्युटरकडे आणि चेहरा हायकोर्टाच्या न्यायाधीशाचा. समोर गादीवर तिघे बसलेले असायचे: माझा नवरा अवी, पुण्याचा केदार आणि मुंबईचा सलील. प्रश्नाचा अर्थ साधा होता. हार्ड डिस्क भरलेली आहे. नवी गेम आणायची, तर आधीची एक काढावी लागेल. कुठली काढायची ते आत्ता, चहा संपायच्या आत ठरवा.

हे सगळं सनीव्हेलमधलं, दोन हजार एकच्या आसपासचं. त्या वर्षी आमच्याकडच्या ऑफिसांतही हाच प्रश्न विचारला जात होता. फक्त तिथे चहा मिळत नसे.

मी तिथे कशी, तर आमचं दार त्यांच्या दारासमोर होतं आणि माझ्याकडे वेळच वेळ होता. नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून आलेली बायको मी. नोकरी करायची परवानगी नाही. केमिस्ट्रीतल्या एम.एस्सी.चा उपयोग टपरवेअरच्या डब्यावरचे हळदीचे डाग काढण्यापुरता उरलेला. दर शनिवारी मी पोहे घेऊन जायची आणि "चला, मी निघते" म्हणत दुपारपर्यंत बसायची. गेममधलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. पुढे काही चुकलं असेल, तर ते अवीने वाचायचा कंटाळा केला म्हणून, असं समजावं.

टेंभेकर नागपूरचे. चाळिशीला टेकलेले, लग्न न केलेले, उंच आणि उंचीची लाज वाटल्यासारखे जरा वाकलेले. एका चिप कंपनीत टेस्टिंगला होते. चांगला पगार होता, पण घरात बघाल तर एक गादी, चार घडीच्या खुर्च्या, एक कुकर, दोन पातेली आणि भिंतीला टेकवलेल्या दोन मोठ्या बॅगा. "उद्या कोणी म्हटलं का जा, तर परवाच्या विमानात बसता आलं पाहिजे, वहिनी," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "दोन बॅगांत मावते तेवढंच आपलं. बाकी सगळं अपार्टमेंटवाल्याचं." मी तोवर डिनर सेट, मिक्सर, दुसरा मिक्सर आणि सेलमध्ये मिळाला म्हणून एक ब्रेड मेकरही घेऊन बसले होते. त्यात आजवर ब्रेड झालेला नाही. एकदा चकलीची भाजणी मळून बघितली होती.

बॅगांचा नियम मोडणारी त्यांच्याकडची एकच वस्तू म्हणजे तो कॉम्प्युटर. त्यावरही त्यांचं उत्तर तयार असायचं. "डबा इथंच टाकून देईन. आतली डिस्क काढायची, रुमालात गुंडाळायची, हातातल्या बॅगेत घालायची. झालं." म्हणून डिस्क एकच, चाळीस जीबीची. त्याच्यावर एक जीबी नाही.

त्या चाळीस जीबीचा संसार ते असा करायचे की मुंबईच्या एका खोलीत सात माणसं राहिलेल्या सलीलनेही हात जोडावेत. स्क्रीनवर डिस्कची एक चकती दिसायची. भरलेली जागा निळी, मोकळी जागा गुलाबी. गुलाबी फोड कलिंगडाच्या पातळ कापाएवढी झाली की टेंभेकर अस्वस्थ व्हायचे. मग शनिवारची पंचायत. ज्याची गेम जाणार, त्याने तिची बाजू मांडायची.

"ही गाड्यांच्या शर्यतीची कोणाची?" टेंभेकर विचारायचे.

"माझी," अवी.

"काहून पाहिजे? खाली पार्किंगमध्ये गाड्या दिसत नाहीत का?"

"अहो, त्या पळत नाहीत."

"तुझी तर हायवेवरबी पळत नाही बे," टेंभेकर म्हणायचे, की केदार लगेच वकिली सुरू करायचा. "न्यायमूर्ती, माझ्या अशिलाची कुवत तेवढीच आहे. घरी बायकोसमोर चालत नाही, इथे तरी पळू द्या त्याला."

हा केदार. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, बारीक, आणि बोलायला लागला की समोरच्याला खुर्ची सोडावीशी वाटेल असा. हरला की खरोखर चिडायचा. कान लाल व्हायचे. मग माझ्या पोह्यांत मीठ कमी आहे हे त्याला आठवायचं.

पंचायतीचा निकाल लागला की टेंभेकर गेम काढायचे, पण त्यात खेळून झालेलं कधीच काढायचे नाहीत. खेळणारा जिथे थांबला तिथली नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये असते, असं मला समजावून सांगण्यात आलं. "गेम पुन्हा टाकता येते, वहिनी. खेळलेलं पुन्हा येत नाही." त्यामुळे त्यांच्या डिस्कवर अशा कितीतरी गेम्सची प्रगती होती, ज्या गेम्स स्वतः तिथे नव्हत्या. चढाई करून गेलेले सैनिक, अर्धवट सोडलेले किल्ले, सगळे तसेच थांबलेले.

एक गेम मात्र पंचायतीत कधीच आली नाही. राज्यांचा खेळ होता तो. चार राजे, एक नकाशा आणि एकच कॉम्प्युटर. एकाने आपली चाल करायची, उठायचं, दुसऱ्याने त्या खुर्चीत बसायचं. एकाची चाल झाल्याशिवाय पुढच्याची येत नाही. लाल टेंभेकर, पिवळा केदार, हिरवा अवी, निळा सलील. केदारने आपल्या शहरांना नावं दिली होती: राजधानी कोथरूड, मग उशीर, रिव्ह्यू, डेडलाइन. "डेडलाइन पडली!" असं कोणी ओरडलं की मला आधी वाटायचं ऑफिसचंच काही असेल.

आधी सलीलची नोकरी गेली. तो मुंबईला परतला, महिनाभरात त्याला नोकरी मिळाली, पुढे लग्न झालं. त्याच्या निळ्या राज्याचं काय करायचं ते टेंभेकरांनी फोन करून विचारलं तर म्हणाला, "कुठलं राज्य? अच्छा ते! यार, वाटून घ्या." ते वाटून घेतलं गेलं. टेंभेकर आठवडाभर नाराज होते.

दोन हजार दोनमध्ये केदारची पाळी आली. निघायच्या दिवशी त्याला विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो. आत जाता जाता तो वळून म्हणाला, "टेंभेकरसाहेब, माझी चाल मी फोनवरून सांगणार. तुम्ही फक्त माऊस हलवायचा. स्वतःची अक्कल लावायची नाही."

"लावली तर?"

"तर मला कळेल."

आणि खरंच, दर शनिवारी सकाळी टेंभेकर कॉलिंग कार्ड घासून पुण्याला फोन लावायचे. तिकडे रात्रीची जेवणं झालेली असायची. स्पीकरवर आधी एक बाई किती मिनिटं शिल्लक आहेत ते इंग्रजीत सांगायची, मग केदारचा आवाज यायचा. तोही जरा उशिराने. आपण बोललो की मध्ये एक रिकामा श्वास, आणि मग उत्तर. त्या काळच्या फोनला तो खंड असायचाच.

"केदार, उत्तरेकडची जहाजं?"

खंड.

"तिकडे बघू नका हो तुम्ही! ती तुमच्यासाठीच ठेवलीत."

"मग मला काहून सांगून राहिलास, भैताडा?"

खंड.

"तुम्ही ऐकायचं आणि विसरायचं. जंटलमन माणूस आहात ना?"

आणि टेंभेकर खरंच विसरायचे. म्हणजे लाल राजा म्हणून खेळताना त्यांनी उत्तरेकडे कधी ढुंकूनही बघितलं नाही. अवी शपथेवर सांगतो.

पुढे इंटरनेटवरून गेम विकत घ्यायची सोय आली. डबी नाही, तबकडी नाही, पैसे भरा आणि उतरवून घ्या. अवीने उत्साहाने एक भली थोरली मारामारीची गेम घेतली आणि आमचं कनेक्शन रडकं म्हणून टेंभेकरांच्या मशीनवर उतरवायला लावली. न विचारता. टेंभेकर स्वयंपाकघरात गोळाभाताला फोडणी घालत होते. त्यानंतर केदारचा फोन, केदारची चाल, आणि सेव्ह करताना डिस्क काठोकाठ भरली. फाइल लिहिली गेली, पण रिकामी. आत शून्य.

मी माणसांना अपघातानंतर बघितलं आहे. टेंभेकरांचा चेहरा तसा झाला होता. स्पीकरवर केदार विचारत होता, "काय झालं? हॅलो? मेलो का मी?"

गेमने आपोआप ठेवलेली आदल्या शनिवारची एक प्रत शाबूत होती म्हणून निभावलं. चाल पुन्हा करायची ठरली. केदारने ताबडतोब वेगळीच चाल केली. "मागच्या वेळी घोडचूक झाली होती. वहिनींच्या नवऱ्याला माझ्याकडून थँक्स सांगा." त्या दिवसापासून टेंभेकर प्रत्येक चाल वेगळी ठेवायला लागले. जुनी पुसून नवी नाही. प्रत्येक शनिवार वेगळा.

दोन हजार पाचमध्ये एका शनिवारी फोन वाजत राहिला. टेंभेकरांनी पुन्हा लावला. मिनिटं सांगणारी बाई बोलली आणि पुढे कोणी बोललं नाही. दुपारी केदारच्या बहिणीचा आमच्याकडे फोन आला. ती जवळच फ्रीमाँटला राहायची. नाशिक रस्त्यावर अपघात झाला होता, गाडीत तो एकटाच होता.

मी समोरच्या दारात जाऊन उभी राहिले. टेंभेकरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "चाल त्याचीच आहे."

पुढची दोन वर्षं शनिवार होत राहिले. अवी जायचा, मी पोहे न्यायची. हिरवा राजा चाल करायचा, लाल राजा चाल करायचा. मग टेंभेकर फोनकडे वळायचे. फोन लावायचे नाहीत. नुसता तो कीबोर्डशेजारी सरकवायचे आणि विचारायचे, "केदार, पूर्वेची फौज?" आणि तेवढाच वेळ थांबायचे. पूर्वी आवाज पुण्याहून यायला जेवढा वेळ लागायचा, बरोबर तेवढाच. मग मान हलवून माऊस हलवायचे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आणि अवीने एकमेकांकडे बघायचं टाळलं. नंतर नंतर तो खंड आला की आम्हीही श्वास रोखून बसायचो. मी शास्त्राची विद्यार्थिनी, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या क्षणात मी कधी चमचासुद्धा वाजवला नाही.

कॉम्प्युटर सुरू केला की खेळणाऱ्यांची नावं यायची, प्रत्येकाशेजारी एक लहानसं चित्र. केदारने पिवळं रबरी बदक निवडलं होतं. त्या बदकाखाली, न वाचलेल्या ईमेल इतक्या इतक्या, असं लिहून यायचं आणि आकडा वाढत जायचा. त्याचा तो ईमेलचा पत्ता बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. कोण पाठवत होतं कुणास ठाऊक. बहुधा गाद्या विकणारे.

आणि डिस्क भरत चालली होती. शनिवार साठत होते, शिवाय विकत घेतलेल्या गेम आपल्या आपणच नवे भाग उतरवून घेत होत्या. गुलाबी फोड दोऱ्याएवढी राहिली. कोपऱ्यात जागा संपत आल्याचा पिवळा फुगा येऊन बसायचा. टेंभेकरांनी पंचायत बोलावणं बंद केलं आणि एकेक करून स्वतःचंच काढायला सुरुवात केली. आधी स्वतःच्या गेम्स. मग गाणी. मग फोटो.

"अहो, ग्रँड कॅनियनचे फोटोही?" मी म्हटलं.

"ते तिथंच आहे, वहिनी. माझ्याशिवाय त्याचं काही अडून नाही राहिलं."

त्यांच्या वाढदिवसाला अवीने मोठी बाहेरची डिस्क आणली. त्यांनी खोकं न उघडता परत दिलं. "जागा वाढली की मी विसरून जाईन रे. अडचण आहे म्हणून रोज हात लागते."

कधी पोह्यांची ताटली परत न्यायला गेले, की ते जुना एखादा शनिवार उघडून बसलेले दिसायचे. खेळायचे नाहीत. नुसता नकाशा. "हा पाडव्याच्या आठवड्यातला," ते म्हणायचे. "हे बघा, इथं त्याने आत्ताच डेडलाइन गमावली आहे. चिडला आहे." स्क्रीनवर पिवळे ठिपके होते. मला त्यात काही दिसत नव्हतं. ते मात्र कोणाचे तरी लाल झालेले कान बघत होते.

दोन हजार सातमध्ये केदारचे बाबा सहा महिन्यांसाठी मुलीकडे आले. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. भारतातून आलेल्या सगळ्या वडिलांसारखे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज आणि अंगावर जावयाचं जाकीट. एका शनिवारी मुलीने त्यांना टेंभेकरांकडे सोडलं. त्यांनीच मागणी केली होती. "तो शनिवारी जेवण झालं की फोन घेऊन गच्चीत जायचा आणि तासभर भांडायचा. कोणाशी, ते बघायचं होतं," ते म्हणाले.

टेंभेकरांनी त्यांना खुर्चीत बसवलं. मी चहा टाकला. अवी भिंतीला टेकून उभा राहिला.

"हा पिवळा म्हणजे केदार, काका."

बाबांनी चष्मा वर केला आणि नावं वाचायला लागले. "कोथरूड. उशीर. रिव्ह्यू..." ते हसले. "शहाणा आहे." मग बराच वेळ नकाशा बघत राहिले. चित्र बघायची सवय असलेला माणूस, रंग कुठे दाटले आहेत ते त्यांना लगेच दिसलं.

"हा लाल कोण?"

"मी."

"कोथरूडला सगळीकडून तुम्हीच आहात की हो."

"हो, काका."

"मग आत का जात नाही?"

टेंभेकरांनी माऊस जरा बाजूला सरकवला.

"कधीपासून असे दाराशी उभे आहात?"

"तो गेला तेव्हापासून," अवी म्हणाला. हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, दर शनिवारी ते खेळतात. ते फौज इकडची तिकडे करत होते, एवढंच. केदारचं एक शहरही पडू द्यायचं नाही आणि केदारलाही जिंकू द्यायचं नाही.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी त्याच्याशी कॅरम खेळायचो. लहान होता, रडायचा, म्हणून मी क्वीन मुद्दाम सोडायचो. एकदा त्याच्या लक्षात आलं. अख्खा बोर्ड उलटा केला. पावडर माझ्या डोक्यावर. म्हणाला, बाबा, खोटं खेळायचं असेल तर माझ्याशी खेळू नका." ते टेंभेकरांकडे वळले. "तुम्ही त्याच्याशी खोटं खेळताय."

"खरं खेळलो तर संपून जाते ना, काका."

"संपलंच आहे की हो," बाबा म्हणाले. अगदी हळू, समजूत घातल्यासारखं. मग त्यांनी विचारलं, "साखर आहे का थोडी? मुलगी देत नाही."

मी साखरेचा डबा शोधायला म्हणून आत गेले आणि डबा समोर दिसत असूनही बराच वेळ शोधत राहिले.

त्यानंतर टेंभेकरांनी आम्हाला शनिवारी बोलावणं थांबवलं. हिरव्या राजाला त्यांनी सन्मानाने तह करायला लावून बाहेर काढलं. "आता आम्हा दोघांचं आहे," म्हणाले. अवीला जरा लागलं. मीही पोहे कोणासाठी करायचे या विचाराने दोन शनिवार उपमा करून बघितला. समोरच्या घरातून कधी "अरे, अरे, अरे!" असं ओरडणं ऐकू यायचं, कधी टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज. कितीतरी दिवसांनी त्या घरातून भांडण ऐकू येत होतं.

दोन हजार आठच्या सुरुवातीला अवीला दुसऱ्या राज्यात, बॉथेलला नोकरी मिळाली आणि आम्ही सामान बांधायला घेतलं. एका शनिवारी सकाळी मी टेंभेकरांना जेवायला यायचं सांगायला म्हणून मागच्या बाजूने गेले. अंगणाचं काचेचं दार बंद होतं. ते मला पाठमोरे दिसले. स्क्रीनवर नकाशा नव्हता. मोठ्या अक्षरांत विजेत्याचं नाव होतं, पिवळ्या रंगात. त्याच्या बाजूला पिवळी जहाजं आणि वर आतषबाजी रंगवून दाखवली होती.

टेंभेकर उभे होते आणि फोन स्पीकरवर होता. काच पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"काका, हरवलं त्याने मला. बेक्कार हरवलं. मला माहीत होतं ती जहाजं उत्तरेला आहेत. पण मी विसरलो होतो ना! खरंच विसरलो होतो."

खंड.

मग तिकडून, पुण्याहून, बाबांचं हसू आलं. म्हाताऱ्या माणसाचं, दमून दमून येणारं. इकडे टेंभेकरही हसायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते. दोघं एकमेकांच्या हसण्यावर हसत होते, आणि मध्ये तो उशीर असल्यामुळे एक थांबला की दुसऱ्याचं येऊन पोचायचं.

मग दोन्हीकडचं हसणं संपलं. मिनिटं सांगणारी बाई मध्येच काहीतरी बोलून गेली. दाराच्या कडीवर माझा हात होता, तो मी काढून घेतला. खोलीत फक्त कॉम्प्युटरचा पंखा आणि फोनची खरखर ऐकू येत होती. टेंभेकर वाकून फोनजवळ उभे होते आणि दोघांपैकी कोणीही फोन ठेवत नव्हतं.